अप्पांचं दुसरं जेवण

मन्मथअप्पा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी किनवटला मुलीकडे होतो. रेणापूरला पोचेपर्यंत माती होऊन गेली होती. माणसं पांगल्यावर अप्पांच्या बायकोनं, वहिनींनी, मला ओसरीवर बोलावलं आणि हळूच विचारलं, "नांदेडच्या त्या बाईला कळवलं का तुम्ही?"

मी खाली मान घातली… ती बाई वहिनींच्या कानापर्यंत पोचली होती ती माझ्याच तोंडून.

गोष्ट जुनी. लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता आणि पावसानं पाठ फिरवली होती. आम्ही हातपंप दुरुस्तीच्या खात्यात. सुटे भाग आणायला दर महिन्याला नांदेड गाठावं लागे. अप्पा आमचे मोठे मिस्त्री. नांदेडात कुठं काय खावं हे त्यांनाच विचारायचं. गुरुद्वाऱ्यातली लंगरची दाळ, इतवाऱ्यातल्या भट्टीवरचा गरम नान, स्टेशनजवळच्या तेलुगू माणसाची इडली… सारं शहर त्यांनी आम्हाला खाता खाता दाखवलं. पण आधी भटारखान्यात डोकावायचे, पाण्याचा वास घ्यायचे. त्यांनी नाक मुरडलं की त्या दारात खात्यातलं कुणी जात नसे.

पुढं पुढं माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. नांदेडात अप्पा आमच्याबरोबर अर्धीच भाकरी खायचे. मग "आलोच" म्हणून जुन्या गावाच्या गल्लीत शिरायचे, ते तासाभरानं यायचे. विचारलं तर विषय बदलायचे. मला राहवलं नाही. बाईमाणसाचं काहीतरी असणार, असं मी खात्यात बोलून बसलो. बोलताना मजा वाटली, खोटं कशाला सांगू.

एकदा मी त्यांच्या मागं गेलो. गल्लीच्या टोकाला एक खानावळ होती. आत एकही गिऱ्हाईक नाही. अप्पा एकटेच जेवत होते आणि लक्ष्मम्मा नावाची तेलुगू विधवा त्यांना भात वाढत होती. मला बघून अप्पा दचकले नाहीत. "ये, बस," एवढंच म्हणाले.

बाहेर पडल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. दुष्काळाच्या पहिल्या उन्हाळ्यात इथल्या पाण्याला त्यांना उग्र वास आला. गटाराचं पाणी विहिरीत उतरलंय, असं ते चारचौघांत बोलले. बाजारापर्यंत बातमी गेली आणि माणसं यायची थांबली. काही दिवसांनी लातूरला त्यांच्याच घरच्या हंड्याला तोच वास आला. चौकशी केली, तर पाणी शुद्ध करायला विहिरीत टाकलेल्या औषधाचा तो वास होता. खानावळीचं पाणीही चांगलंच होतं. त्यानंतर त्यांनी भेटेल त्याला आपली चूक सांगून पाहिली. लोक हसून ऐकून घ्यायचे, पण जेवायला कुणी जायचं नाही.

"मी एका तोंडानं तिची खानावळ बुडवली," अप्पा म्हणाले. "आता त्याच तोंडानं जेवून राहिलो."

हे ऐकूनही मी खात्यात कुणाला खरं सांगितलं नाही. आपणच पसरवलेलं आपणच कसं पुसायचं? माणसं आपसूक विसरतील असं वाटलं. बाकीचे विसरलेही असतील… वहिनी विसरल्या नव्हत्या.

त्या दिवशी ओसरीवर मी त्यांना सगळं सांगितलं. माझं बोलणंही लपवलं नाही. त्या रागावल्या नाहीत, रडल्याही नाहीत. माझ्यावर विश्वास बसला नसावा. म्हणाल्या, "मला तिथं न्या."

परवा नेलं. खानावळ अजून आहे, सून चालवते. लक्ष्मम्मा थकल्यात, पण अप्पांचं नाव काढताच उठून बसल्या. वहिनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळत राहिल्या. मग त्यांनी सरळच विचारलं, पाण्याचं कुणी बोललं ते ठाऊक होतं का?

"त्येंनीच येऊन सांगितलं की. दोनदा मी दारातनं हाकललं. तिसऱ्यांदा वाढलं."

स्वयंपाकघराच्या दाराशी एक पाट भिंतीला टेकवून ठेवलेला होता. अप्पांचा. दुसऱ्या कुणाला तो देत नाहीत, असं सून म्हणाली. लक्ष्मम्मांनी तो स्वतः मांडला, सुनेनं ताट वाढलं. वहिनी त्यावर बसल्या, पदर सावरला आणि ताटाकडे बघत म्हणाल्या, "मला सांगितलं असतं, तर मी बी आले असते की…"