ठसका कुणाला लागला?

दृष्ट लागून माणूस आजारी पडतो, यावर माझा कधीच विश्वास नव्हता. शिकले चौथीपर्यंतच, पण हे मला तेव्हाही पटत नव्हतं. तोंडाने सांगायला लाज वाटते, म्हणून लिहून ठेवतेय... कुणाला दाखवीन असं नाही.

आम्ही सुकापूरला राहतो. हे कळंबोलीच्या लोखंड बाजारात हमाली करतात, अंगाने पहाड. मागच्या थंडीत घरात सगळ्यांना फ्लू झाला. मला, मुलीला, दमेकरी सासूबाईंनासुद्धा नुसत्या शिंका. ह्यांच्या मात्र छातीत उतरला, ऑक्सिजन लावावा लागला.

सासूबाईंना कारण लगेच सापडलं – मी! कारण शेजारणीला म्हटलं होतं, "ह्यांना साधी सर्दीपण होत नाही." कधी नाही ते एक वाक्य बोलले, तेच अंगाशी आलं.

एका संध्याकाळी मी दवाखान्यात ह्यांच्याजवळ बसले होते. हे एकदम खोकायला लागले, मास्क ओढून म्हणाले, "मिरच्या कोन जालतंय गो? घशात धूर गेला."

नर्स म्हणाली, "काका, हा वॉर्ड आहे, ढाबा नाही. मास्क लावा."

मलाही कसला वास येत नव्हता.

घरी आले, तर सासूबाई चुलीपुढे, ह्यांचा सदरा मांडीवर. तिन्हीसांजेला त्यावरून मीठ-मिरच्या ओवाळून निखाऱ्यात टाकल्या होत्या. ठसका लागला तर दृष्ट नाही, नाही लागला तर आहे, असं आमच्याकडे मानतात.

"मूठभर मिरच्या जालल्या, एकालाबी ठसका नाय. घरातलीच दृष्ट हाय."

"अहो आई, ठसका तिकडे ह्यांना लागला!" मी पहिल्यांदाच आवाज चढवला.

"मंग? धूर बरोबर जागेवर गेला."

मी तो सदरा उचलून धुवायला टाकला.

पुढे डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं. विषाणू शिरला की शरीर आतल्या आत सावध व्हायचा निरोप देतं. ह्यांच्याच रक्तातल्या अँटिबॉडी तो निरोप अडवतात, म्हणून साधा फ्लू जिवावर येतो. पुन्हा सर्दी-ताप आला तर लगेच घेऊन या.

सासूबाई म्हणाल्या, "आपलंच रगात आपल्याला आडवं जातंय व्हय? डाक्तर कायपन सांगतो."

मला पटलं. सुटले, असंही वाटलं. पण तो धूर? डॉक्टर म्हणाले, तापात भास होतात. होत असतील... पण मिरच्यांचाच, आणि त्याच वेळी?

हे बरे होऊन घरी आले, पण माझी सुटका नाही. ह्यांना शिंक आली की आई मिरच्या काढतात आणि तिरकं माझ्याकडे बघतात. नुसता वैताग! म्हणून मी आधीच मुद्दाम खोकते – "लागला बघा ठसका, दृष्ट नाही." भागून जातं.

परवा ह्यांना एकच शिंक आली. लगेच मिरच्या. घर धुराने भरलं. मुलगी शेजारी बसून निवांत भात खात होती. मी नेहमीसारखी खोकले. पण खरं सांगते, एरवी थोडा तरी खरा ठसका येतोच, या वेळी आलाच नव्हता. डोळेसुद्धा चुरचुरले नाहीत. आणि बाहेर ओट्यावर, मोकळ्या हवेत, हे खोकत होते.

सकाळी तडक दवाखान्यात नेलं. तपासणीत फ्लू निघाला. डॉक्टर म्हणाले, "बरं झालं लवकर आणलंत. ताप नाही, काही नाही, ओळखलंत कशावरून?"

काय सांगणार? "एक शिंक आली होती," एवढंच म्हटलं.