लंकाबाईचा उघडा सौदा

घोडेगावच्या बाजारात जनावराचा भाव तोंडानं सांगत नाहीत. विकणारा आणि घेणारा रुमालाखाली हात धरतात, बोटं दाबतात, माना हलवतात, आणि सौदा जुळतो नाहीतर फिसकटतो. शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही. माझं तिथं दावी-कासऱ्यांचं दुकान आहे, त्यामुळे ही मुकी घासाघीस मी जन्मभर बघत आलो. बाईनं मात्र परक्या पुरुषाच्या हातात हात द्यायचा नाही. म्हणून बाईची म्हैस घरातला कुणीतरी बाप्या विकतो.

लंकाबाईची म्हैस तिचा दीर रामहरी विकायचा. नवरा गेल्यापासून बाईनं दूध घालून, म्हशींच्या वगारी वाढवून घर चालवलं. म्हशी तिच्या, शेण तिनं काढायचं, आणि भाव मात्र रामहरी सांगेल तो खरा. मला याची चीड यायची. पण दुसऱ्याच्या भावकीत तोंड कोण घालणार?

यंदा तिची लेक सुकन्या बी.ए. झाली आणि म्हणाली, नगरला समाजशास्त्रात एम.ए. करते. त्यासाठी दावणीची सगळ्यात चांगली म्हैस काढायचं ठरलं. पोरगी लबाड नव्हती. तिनं आईला आधीच सगळं सांगितलं होतं. प्राध्यापकाच्या कायमच्या जागा निघता निघत नाहीत. तासिका तत्त्वावर लागलं तर पगार नाही, नुसते तासाचे पैसे. एखाद्या संस्थेत सर्वेक्षणाचं काम मिळालं तर गावोगाव फिरायचं पेट्रोल बहुतेक आपलंच. नगरची खोली आणि मेस मात्र दर महिन्याला दारात उभी. एवढं ऐकून लंकाबाईनं विचारलं, "तुला करायचं हाय का?" पोरगी "व्हय" म्हणाली आणि दोघींपुरता विषय संपला.

रामहरीचा संपला नव्हता. बाजारात म्हैस उभी केल्यावर तो माझ्या दुकानासमोरच म्हणाला, "वैनी, पोरीला नर्सिंगला घाला. कोर्स झाला की पगार चालू. समाजशास्त्र म्हंजी काय, लोकं कशी ऱ्हात्यात त्येच ना? त्ये मला फुकटात कळतं."

मी हसलो. सुकन्या हसली नाही. "मंग सांगा तात्या, बायांनी रुमालाखाली हात का घालायचा न्हाई?"

"रीत हाय."

"कुनी पाडली? अन् तिचा फायदा कुनाला झाला? मला ह्येच शिकायचंय."

रामहरीला ते चांगलंच झोंबलं. त्यानं रुमाल झटकला. "नर्सिंगला घालनार असाल तर मी सौदा करतो. असल्या डिगरीसाठी न्हाई. इका तुमच्या तुमी."

त्याला वाटलं, बाई गयावया करील. लंकाबाईनं पदर खोचला, म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि ओरडली, "नव्वद हजार! दुसऱ्या वेताची हाय. ज्याला घ्यायची त्यानं तोंडानं बोला!"

सगळा बाजार खिदळला. व्यापाऱ्यांना तर मिरच्या झोंबल्या. एक भाव उघड झाला की शेजारचे झाकलेले कसे राहणार? बरेच जण रुमाल पुढं करून आले आणि ती हात मागं बांधून उभी राहिली. ऊन कललं तशी सुकन्या रडवेली झाली. "आई, ऱ्हाऊ दे. पुढच्या वर्षी बघू."

"गप ऱ्हा. या वर्षी न्हाई गेली तर कधीच न्हाई जायची तू."

ते खरंच होतं. पुढच्या वर्षी पोरीचं लग्न उरकायचं, हे रामहरीनं भावकीत बोलून ठेवलं होतं.

शेवटी श्रीरामपूरचा एक गोठेवाला आला. त्यानं कास बघितली, धार काढून पाहिली आणि सवयीनं रुमाल पसरला. लंकाबाईनं तो उचलून त्याच्याच खांद्यावर ठेवला. "बोला."

तो इकडं तिकडं बघत पुटपुटला, "ऐंशी."

"मोठ्यानं."

"ऐंशी हजार!"

पंच्याऐंशीवर सौदा जुळला. गोठेवाल्यानं माझ्याकडून नवं दावं घेतलं, कारण जुनं दावं जनावराबरोबर देत नाहीत.

रामहरी लगेच पुढं आला. "मी नव्वद आनून दिलं असतं."

"आनलं असतं. पन मला किती सांगितलं असतं?" लंकाबाई म्हणाली. "ह्ये पंच्याऐंशी म्या माझ्या कानानं ऐकल्यात."

माझ्या जिवाला बरं वाटलं. पण गप्प बसेल तर तो रामहरी कसला! गर्दी जमलेलीच होती. "बरं, म्हशीचा भाव झाला. आता चार लोकांत पोरीच्या डिगरीचा भाव सांगा की. किती यील?"

खरं सांगायचं तर हा प्रश्न मलाही पडला होता. लंकाबाईनं रिकामं दावं गुंडाळून खांद्यावर टाकलं.

"कमी यील न्हाईतर जास्त यील, भावजी. पन त्यो तिचा ती सांगंल. मोठ्यानं."