जास्तीचं पान

सांता क्लारात तिथी शनिवारी येते. अमावस्या मंगळवारी असो नाहीतर गुरुवारी, पितरांनी जेवायला यायचं ते वीकेंडलाच, कारण वाढणाऱ्यांना सोमवारी ऑफिस असतं. सुमित्राकाकूंना हे मनापासून कधी पटलं नाही. पण पितरांनीही कधी तक्रार केली नव्हती, तेव्हा त्यांच्या घरची सर्वपित्री वर्षानुवर्षं शनिवारीच चालली होती. यंदा मात्र त्या सोयीनेच घात केला.

झालं असं, की काकूंच्या मुलाने, सिद्धेशने, नेमके त्याच शनिवारी पाहुणे जेवायला बोलावले. पाहुणे म्हणजे मिन्ह, काकूंची नात वल्लरी ज्याच्याशी लग्न करणार होती तो मुलगा, आणि त्याची आजी. व्हिएतनामी माणसं, जवळच सॅन होजेला राहणारी.

“अरे, पितृपक्षात कोणी सोयरीक बोलतं का?”

“आई, आजींना हाच वीकेंड जमतोय. आणि तिथी तू पण शनिवारी ढकलतेसच ना? मग ते बरं चालतं.”

  पण काकूंची खरी काळजी मुहूर्ताची नव्हतीच. ती जास्तीच्या पानाची होती.

हे पान काय ते सांगायला मागे जावं लागेल. काकूंचे यजमान एकनाथ मूळचे कराडचे. इंजिनियरिंग शिकायला अमेरिकेत आले, शिकून झाल्यावर ग्रीन कार्ड मिळालं म्हणून मित्रांना पेढे वाटले. कार्ड हातात पडलं की सरकार तुम्हाला लढाईवरही धाडू शकतं, हे पेढे खाणाऱ्यांपैकी एकाच्याही डोक्यात नव्हतं. तेव्हा व्हिएतनामच्या जंगलात कम्युनिस्ट गनिमांशी लढाई चालू होती, आणि त्या लढाईला खुद्द अमेरिकेतली पोरं रस्त्यावर उतरून शिव्या घालत होती. अशा वेळी एकनाथना सैन्याचं बोलावणं आलं. त्यांच्या खोलीत राहणाऱ्या मोहनलाही आलं. मोहनने बॅग भरली आणि तो सरळ नागपूरला निघून गेला. एकनाथही जाऊ शकले असते. पण पेढे वाटून झाले होते, आता घरी काय तोंड दाखवू? लोक काय म्हणतील या भीतीने माणसं कर्ज काढून लग्नात पंगती उठवतात. हा बाबा लढाईवर गेला.

सुमित्राकाकू लग्न होऊन आल्या त्या हे सगळं संपल्यावर. पहिल्या सर्वपित्रीला नवऱ्याने सांगितलं, एक पान जास्तीचं वाढ. कुणाचं म्हणून विचारलं तर म्हणाले, आहे एक जण. दुसऱ्या वर्षी काकूंनी हातातला वडा कढईत सोडलाच नाही. आधी नाव सांगा, मग तळते.

नाव एकनाथनाही माहीत नव्हतं. एका गावात झोपडीमागून एक पोरगा निघाला आणि शेताकडे धावत सुटला. छातीशी काहीतरी गच्च धरलेलं. बॉम्ब असेल म्हणून एकनाथनी गोळी घातली. जवळ जाऊन पाहिलं तर केळीच्या पानात बांधलेला भात होता, अजून गरम. एवढं सांगून ते बागेत जाऊन उभे राहिले. काकूंनी वडे तळले. तळताना तेल मनगटावर उडालं, त्याचा डाग आजही आहे.

बाहेर सांगायला दुसरी गोष्ट होती. एकनाथकाका तिकडे रेडिओ दुरुस्त करायचे. ते खोटंही नव्हतं, करायचेच. मराठी मंडळात तेवढंच माहीत होतं, वल्लरीलाही तेवढंच.

दरवर्षी काकू केळीची पानं आणायला व्हिएतनामी दुकानात जात, कारण ती मिळतात तिथेच, फ्रीझरमध्ये, बर्फाने कडक झालेली. दुकानातली बाई ओळखीची झाली होती. ‘पार्टी?’ विचारायची. काकू ‘येस, पार्टी’ म्हणायच्या आणि गाडीत येऊन बसल्यावर त्यांना स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटायचं.

आणि कावळ्यांचं म्हणाल, तर सांता क्लाराचे कावळे मुलखाचे अधाशी. पान ठेवून आत येऊन दार लावेपर्यंत वड्यावर चोच. एकनाथ काचेमागे उभे राहून बघत. “इतक्या सहज कसा गं शिवतो?” असं दरवेळी म्हणत. त्यांना तो रुसलेला हवा होता. कावळा मिटक्या मारत जेवायचा आणि हे उपाशी राहायचे.

आता एकनाथ जाऊन दीड वर्ष झालं होतं. वर्षश्राद्ध झालं, म्हणजे यंदा पहिल्यांदाच पितरांच्या पानावर तेही. सकाळी काकूंनी बागेतल्या ओट्यावर दोन पानं शेजारी शेजारी मांडली आणि तिथेच थबकल्या. मारणारा आणि मेलेला एका पंगतीला? आणि आधी वाढायचं कुणाला? त्यांना नवऱ्याचा असा राग आला की डोळ्यांतून पाणीच आलं. स्वतः सुटले आणि हे लचांड माझ्या गळ्यात अडकवून गेले. पन्नास वर्षं तुमच्या पापाला वडे तळते आहे, आता तुम्हीच येऊन सांगा कुठे बसता ते.

सिद्धेश बाहेर आला. बाप गेल्यावर आईने त्याला खरं काय ते सांगितलं होतं, त्यामुळे दोन पानं बघून त्याचा चेहरा उतरला.

“आई, ते दुसरं पान उचल. आजच्या दिवस.”

“नाही.”

“त्यांनी विचारलं तर काय सांगणार आहेस? वल्लरीचं लग्न मोडायचंय का तुला?”

वल्लरी काकूंच्या अंगाखांद्यावर वाढलेली. तिचं वाकडं व्हावं असं त्यांच्या स्वप्नातही येणार नाही. “मी आपणहून काही बोलणार नाही,” त्या म्हणाल्या, “पण पान राहील.”

पाहुणे आले. मिन्हची आजी, लान तिचं नाव, चणीने छोटी, लोकरीची टोपी घातलेली. हातात पपनसांची जड पिशवी, ती नातवालाही धरू देईना. बसल्या बसल्या ती व्हिएतनामीत बोलू लागली आणि मिन्ह इंग्लिशमध्ये सांगू लागला. तिचा नवरा सायगॉनच्या, म्हणजे अमेरिकेच्या बाजूच्या सरकारच्या, सैन्यात होता. हरल्यावर कम्युनिस्टांनी त्याला छावणीत डांबलं. मग पोरांना घेऊन ती होडीतून देशाबाहेर निघाली. वल्लरीचे आजोबा तिकडे होते हे कळल्यापासून तिला यायचंच होतं. तिने उठून पपनसं एकनाथच्या फोटोखाली ठेवली, हात जोडले, आणि मिन्ह म्हणाला, “ती म्हणते, ते आमच्यासाठी लढले. त्यांचे आभार मानायला ती आली आहे.”

सिद्धेश जमिनीकडे बघत होता. वल्लरीचे डोळे भरून आले होते, बिचारीला केवढा अभिमान वाटला. काकूंना मात्र वाटलं, शिव्या घातल्या असत्या तर सोसल्या असत्या. हे आभार कुठे ठेवायचे?

“जेवायला बसू या,” त्या कशाबशा म्हणाल्या.

पण लानचं लक्ष काचेच्या दारातून बाहेर गेलं होतं. पानं बघून ती हसली. आमच्याकडेही गेलेल्यांना वाढतात, ती म्हणाली. एक तुमच्या यजमानांचं ना? दुसरं कुणाचं?

“माझ्या आजोबां...” सिद्धेश सुरू झाला.

“थांब रे,” काकू म्हणाल्या. आणि त्यांनी सांगितलं. त्यांचं इंग्लिश भाजीबाजारापुरतं, पण तेवढं पुरलं. पोरगा, धावत होता, भात, गोळी. मिन्हला ते आजीला सांगणं जमेना, त्याचे ओठ नुसते हलले. गरज पडली नाही, लानला समजलं होतं. “आजी, व्हॉट?” वल्लरी म्हणाली. 

 लान बोलू लागली ती इतक्या हळू, की मिन्हला पुढे वाकून ऐकावं लागलं. ऐकता ऐकता तोच चकित झाला, कारण हे त्यालाही नवं होतं.

“ती म्हणते, तिचा भाऊ जंगलात होता. त्यांच्या बाजूने, कम्युनिस्टांच्या. आमच्या घरात हे कधीच कोणी बोललं नाही. त्याला भात न्यायचं काम तिचं होतं. पानात बांधून. भात गरम असायचा म्हणून...” मिन्ह थांबला. “म्हणून ती धावायची.”

रत्ना, सिद्धेशची बायको, पोळ्यांचा डबा हातात घेऊन दारातच उभी राहिली.

लान उठली आणि दार सरकवून बागेत गेली. काकू मागोमाग. म्हातारी ओट्याशी वाकली, काकूंनी बोटाने दाखवलेलं एकनाथचं रिकामं पान दोन्ही हातांनी नीट उचललं आणि ओट्याच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं. काकूंच्या काळजात चर्र झालं. काही झालं तरी त्यांच्या नवऱ्याचं पान होतं ते.

“आधी तो,” लान स्वतःच्या इंग्लिशमध्ये म्हणाली. “तुमचा नवरा थांबेल.”

काकूंनी मान हलवली. लान वळली, दाराशी परत थांबली. फळं ठेवा, ती म्हणाली. आभार मी परत नेते. लग्नाचं मुलं बघतील. जेवायला ती थांबली नाही. तिच्यामागे मिन्ह गेला, आणि त्याच्यामागे, कोणाकडेही न बघता, वल्लरी गेली. गाडी निघाल्याचा आवाज आला. वल्लरी परत कधी येईल, काय होऊन येईल, कोणालाच सांगता आलं नसतं. सिद्धेश आईशी बोलेना.

काकूंनी स्वयंपाकघरातून पातेली आणली. त्या पोराच्या पानावर आधी भात वाढला, गरम, वाफेचा, मग वरण, खीर, वडे. कावळा आला. काकू आत गेल्या नाहीत. त्याचं पुरतं होईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. पलीकडे एकनाथचं पान कोरडंच होतं, वारा त्याची कड उचलत होता. काकूंनी त्यावर एक पपनस दाबून ठेवलं.

“थांबा जरा,” त्या म्हणाल्या. “त्याचं होऊ दे.”