सुमनची पाचवी

देवावर माझा विश्वास किती, असं मागे तुम्ही नातवंडांनी फोनवर विचारलंत आणि मी विषय बदलला. रोज पूजा करूनही मला त्याचं उत्तर ठाऊक नव्हतं. गेल्या ऊसतोडीच्या हंगामात मी देवाशी उघड भांडले, तेव्हा थोडंफार कळलं. फोनवर सांगता येणार नाही, म्हणून लिहिते आहे.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी अंबडमध्ये महिलांचा सेवा क्लब सुरू केला तेव्हा लोक हसले. काही अजून हसतात. आमचं मुख्य काम एकच. अंकुशनगरच्या बाजूला ऊस तोडायला आलेली बाई बाळंत झाली, की तिला सव्वा महिना विसावा द्यायचा. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. बाई अंथरुणाला टेकली की कोयता मोडला, म्हणून मजुरांचा मुकादम तिला चार-पाच दिवसांतच फडात उभी करतो. या बायकांसाठी वडीगोद्रीच्या एका व्यापाऱ्याचं रिकामं गोदाम आम्ही वापरत होतो. त्या सकाळी त्यानं कापूस भरायचा म्हणून आमचं सामान बाहेर काढलं आणि कुलूप घातलं. दुपारी सुमन नावाची ओली बाळंतीण, चार दिवसांच्या मुलीला घेऊन, दवाखान्यातून सुटणार होती.

मैत्रिणींना फोन केले. सगळ्यांचं एकच, “ताई, या वर्षी राहू द्या.” मी फोन ठेवला, देवघरात गेले आणि माहेरहून आणलेली अन्नपूर्णा पाण्याच्या तांब्यात बुडवली. मागणं पुरं होईपर्यंत देव पाण्यात ठेवायची ही रीत तुमच्या पणजीची. मी इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, त्या रीतीला हसायचे. हात मात्र जोडले नाहीत. म्हटलं, “नाव अन्नपूर्णा, आणि बाळंतिणीला टेकायला जागा देता येत नाही? तिला मिळेपर्यंत तूही बैस गार पाण्यात.”

दवाखान्याच्या पायरीवर मुकादम उभाच होता. “मॅडम, कोयता अडकून राह्यलाय माझा. ट्रॅक्टर आणलाय.”

“रिकामा न्या.”

“मंग ठेवता कुठं तिला? गोदामाला तर तुमच्या कुलूप लागलं म्हणे.”

“ते मी बघते. तिला ट्रॅक्टरवर चढवून तर पाहा, चाकापुढे मी बसते.”

तो हसला, पण दोन पावलं मागे सरला. मला मात्र काहीच सुचत नव्हतं. सुमन भिंतीला धरून उभी होती. म्हणाली, “जाऊ द्या मॅडम. कोपीत पाचट अंथरून पडते. सवय हाय.” कोपी म्हणजे तोडकऱ्यांची झोपडी, पाचट म्हणजे उसाचा वाळलेला पाला.

शेजारच्या बाकावर बुरख्यातली एक म्हातारी भाकरी खात बसली होती. ती आमचं सगळं ऐकत होती. “आपा,” ती मला म्हणाली, “इत्तं भांडून राह्यल्या तिच्यासाठी. तुमच्या घरी खोली न्हाई का?”

“आहे,” मी म्हणाले.

ती खोली तुमची. दोन पलंग, धुतलेल्या चादरी, वर्षातून पंधरा दिवस उघडणारी. तिची भिंत देवघराला लागून आहे. बाळंतिणीचा विटाळ देवघराजवळ नको, हे मी तोंडानं कधी बोलले नव्हते. भाषणांत तर उलटंच सांगत आले. पण संस्थापिका म्हणून हार घालून घेणाऱ्या बाईला इतक्या वर्षांत ती खोली एकदाही आठवली नव्हती.

“मंग बिलकुल सोपं हाय की,” म्हातारी म्हणाली. उरलेली भाकरी तिनं सुमनच्या हातात ठेवली आणि नातीला बघायला आत निघून गेली.

सुमनला घेऊन घरी पोहोचले तर क्लबातली एक मैत्रीण दारात. “ताई, पलीकडे देवघर आहे!”

“देवीचं मी बघते. तू पाणी तापव.”

अन्नपूर्णेला बाहेर काढून पुसलं. माफी मागितली नाही. एवढंच म्हटलं, “जागा माझ्याकडेच होती, तर सकाळीच सांगायचंस.”

दुसऱ्या दिवशी पाचवी. त्या दिवशी सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, म्हणून तिच्यापुढे कोरा कागद, लेखणी आणि कोयता ठेवतात. दिवेलागणीला सुमनचा नवरा फडातून आपला कोयता घेऊन आला. मी त्याला उंबऱ्यावरच अडवलं.

“मॅडम, रीत हाय,” सुमन म्हणाली.

“असू दे. या पोरीपुढे कोयता ठेवायचा नाही. लेखणी पुरे.”

“सटवाई कोपली तर?”

“माझ्यावर कोपू दे.”

नवऱ्यानं सुमनकडे पाहिलं. तिनं मान हलवली. त्यानं कोयता चपलांपाशी ठेवला आणि पाय धुऊन आत आला.

सुमन पूर्ण सव्वा महिना राहिली. मुकादम दोनदा आला आणि दोन्ही वेळा चहा पिऊन एकटाच परत गेला. त्या म्हातारीचं नाव विचारायचं राहिलं. माझ्या देवीनं उत्तर तिच्या तोंडून दिलं की ती सहज बोलली, याची चौकशी मी करत नाही. रोज दिवा लावताना त्या म्हातारीलाही नमस्कार करते. देव आपल्या मनासारखं करत नाही म्हणून मी आयुष्यभर त्याच्यावर रुसले. सोडायचं काय होतं, तर त्या खोलीची एक किल्ली. आणि ती माझ्याच कमरेला होती.

आता खोलीत दुसरी बाळंतीण आहे. तुम्ही याल तेव्हा गाद्या बैठकीत घालीन. बाळ रडलं तर कुरकुर चालणार नाही.