जुन्या ब्राउझरला माझा रामराम

फ्रीलान्स वेब डिझायनरकडे दोनच गोष्टी साठतात: क्लायंटचे अर्धवट लोगो आणि किस्से. लोगो मी डिलीट करते. किस्से मात्र, नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे कोलकात्यात आल्यापासून, वाढतच चाललेत!

यंदा मी ठरवलं, जुन्या ब्राउझरला रामराम. एकच साइट नव्यासाठी बनवा, मग त्या जुन्यासाठी पुन्हा डागडुजी करा, ही दुप्पट हमाली किती वर्षं करायची? सगळ्यांना मेल पाठवला: 'पुढच्या महिन्यापासून जुना ब्राउझर बंद.' धाकधूक होती ती एकाच क्लायंटची. कोलकात्याजवळच्या बजबज गावचे घोषबाबू, ज्यूट मिलमधून रिटायर झालेल्यांच्या क्लबचे सेक्रेटरी. कोण आजारी, कोण गेलं, पिकनिक कधी, सगळं हे म्हातारे क्लबच्या साइटवर वाचतात, आणि झाडून सगळ्यांचे कॉम्प्युटर जुनाट. माझ्यापायी यांचा एकमेकांशी संपर्कच तुटला तर?

*

पहिला फोन बालीगंजच्या साहाबाबूंचा. यांचं साड्यांचं दुकान. हे रोज सकाळी आपल्या साइटच्या पहिल्या पानाची प्रिंट काढून दारावर चिकटवतात. का? "जे गिऱ्हाईक नेट बघत नाही, त्याने कुठे बघायचं?"

त्या दिवशी मी साइटवर पिवळी पट्टी टाकली होती: 'हे जुनं झालं आहे, कृपया बदला.' यांनी तीही छापून दारावर लावली! सकाळपासून बायका जुन्या साड्या घेऊन रांगेत उभ्या.

*

डमडमचे होमिओपॅथ डॉक्टर त्याहून वरचढ. मी म्हटलं, "डॉक्टरबाबू, जुना ब्राउझर काढून टाका."

"लक्षणं सांगा."

"हळू चालतो, मध्येच अडकतो, काही विचारलं की गप्प बसतो."

"मग काढायचा कशाला? मीही तसाच आहे!"

आता कपाळ! शेवटी मीच जाऊन नवा टाकून दिला. येताना सर्दीच्या गोळ्या घेऊन आले.

*

माझा लेक इथेच वाढला, त्याचं मराठी यथातथाच, आणि आजोबांच्या वयाचा प्रत्येक जण त्याचा 'दादू'. माझी फोनवरची बोलणी ऐकून एकदा जेवताना म्हणाला, "आई, तू घोषदादूला बंद करणार?"

मी ताटावरून उठले. ताबडतोब घोषबाबूंना फोन लावला. ते एवढंच म्हणाले, "रविवारी क्लबात ये." आवाज असा गंभीर की माझं धाबंच दणाणलं.

*

रविवारी बजबज गाठलं. हॉलमध्ये पाऊल टाकलं तर समोर टेबलावर निशिगंधाचा हार घातलेली फ्रेम, पुढे उदबत्ती. अगं बाई, कोण गेलं? जवळ जाऊन बघते, तर फ्रेममध्ये त्या जुन्या ब्राउझरचं चिन्ह!

"स्मरणसभा ठेवली आहे," घोषबाबू म्हणाले. "बस, मा." इथे लेकीच्या वयाच्या बाईला असंच 'मा' म्हणतात.

दोन मिनिटं सगळे म्हातारे शांत उभे राहिले. मग एकेक जण बोलला. कुणी त्यावर परदेशातल्या नातीचं तोंड पहिल्यांदा पाहिलेलं. कुणी बायकोच्या आजाराची माहिती त्यावरच एका बोटाने शोधलेली. शेवटी मिठाईचे डबे आले आणि घोषबाबू माझ्याकडे वळले.

"उद्यापासून आम्ही सगळे नवा शिकणार. पण आधी तू दोन शब्द बोल. तू त्याला आमच्यापेक्षा जवळून ओळखायचीस."

ज्याला मी वर्षानुवर्षं रोज शिव्या घातल्या, त्याच्या फोटोसमोर उभी राहिले. बोलायला तोंड उघडलं, आणि ढसाढसा रडायलाच लागले!