सगळ्यांच्याच अंगात असतो, मग माझ्याच पोरीला का?

पाळणाघरात तिला सगळे ताई म्हणत. रांगणारी पोरं दिवसभर तिच्या अंगाखांद्यावर. कुणाचं नाक पूस, कुणाचा लंगोट बदल. एखादं पोर अर्धवट चघळलेलं बिस्कीट तिच्या तोंडात कोंबायचं आणि ती हसत खायची. पोटुशी असताना मध्येच जरा कणकण आली, मान दुखली. आपोआप उतरली. कुणी मनावर घेतलं नाही.

मुलगी झाली, काळ्याभोर डोळ्यांची. एकदा ताईच्या हातून पातेलं निसटून फरशीवर आदळलं. शेजारीच जागी असलेल्या पोरीची पापणीही हलली नाही. ताईनं पातेलं उचलून मुद्दाम आपटलं. मग ताट, मग झाकणं. शेजारीण धावत आली. पोर पंख्याकडे बघून हसत होती.

तपासण्या झाल्या. जन्मावेळी घेऊन ठेवलेला रक्ताचा थेंबही तपासला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गरोदरपणात तुम्हाला एका विषाणूची लागण झाली, ती बाळापर्यंत गेली. लहान मुलांच्या लाळेतून पसरतो. साधाच आहे. देशातल्या बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात असतो, कुणाला पत्ताही नसतो."

"सगळ्यांनाच असतो, मग माझ्याच पोरीला का?"

"तुम्हाला आधी कधी झाला नसावा. लहानपणीच होऊन गेला असता, तर बाळाला धोका बराच कमी असता."

सोबत आलेली ताईची आई रडायला लागली. "मीच हिला कुणाच्या पोरांत मिसळू दिलं नाही गं! खेळणीसुद्धा उकळून द्यायचे."

"आई, तू रडू नकोस. दोघींचं रडं मला नाही झेपणार."

ताई कामावर परतली. पहिल्याच दिवशी एका चिमुरडीनं लाडानं बिस्कीट पुढे केलं. ताई किंचाळली, तिचा हात झटकला. पोर भेदरून रडायला लागली. ताईनं तिला उचललं, मालकीणबाईंकडे दिलं आणि चपला घातल्या. परत गेली नाही.

आता रस्त्यानं जाताना ती माणसांकडे बघत राहते. धडधाकट, हसणारी, फोनवर बोलणारी. यांच्याही अंगात तोच.

कानातल्या यंत्राचा उपयोग होत नाही. ऑपरेशनसाठी नाव घातलंय, नंबर कधी लागेल कुणी सांगत नाही. शेजारीण धीर द्यायला म्हणाली, "बरंय, सासूची कटकट तरी ऐकावी लागणार नाही हिला."

ताईला खुदकन हसू आलं. आणि मग जे रडू फुटलं, ते कुणाला थांबवता येईना.