साहेबाच्या चित्रातला देव

वलवणच्या तळ्याकाठी एक गोरा चित्रकार चार दिवस डोंगर आणि पूजा रंगवत होता. पूजेसाठी त्याने गावातला एक म्हातारा बसवला होता. साहेबाने खूण केली, की तो शेंदूर फासलेल्या दगडापुढे हात जोडून तासभर हलत नसे. चित्रात दगडामागे एक घुमट उगवला होता. तसा घुमट त्या काठावर मी कधी पाहिला नव्हता. म्हाताऱ्याची भक्तीही मला तितपतच खरी वाटली.

शेवटच्या दिवशी साहेब सामान आवरून गेल्यावर मी विचारलं, "आबा, गावचा देव साहेबाच्या हवाली केलात?"

त्याने आधी वाटेकडे पाहिलं. "आमचा देव वर रानात हाय. चित्रातनं इलायतेला न्हेला, तर गावानं काय करायचं? ह्यो धोंडा म्या वढ्यातनं आणला."

"म्हणजे साहेबाला फसवलंत."

"व्हय." त्याने फडक्यातली भाकरी मोडली आणि अर्धी दगडापुढे ठेवली. "पर चार दिस ह्याला हात जोडलं. आता उपाशी कसा ठेवू?"

उरलेल्या अर्ध्या भाकरीत त्याचं पोट भरणार नव्हतं. दगडापुढच्या त्या अर्ध्या भाकरीवर मात्र मला संशय घेता आला नाही.